डाळीच्या बरणीतले दहा दिवस

मी एक जुनी, कडू गोळी आहे. नाव कॉल्चिसीन. नाव घेताना तुमची जीभ अडखळली तरी मला राग येत नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टींचा. त्या पुढे सांगतेच.

मित्रांनो, गोळी मी अलीकडे झाले. त्याआधी हजारो वर्षं मी जमिनीखाली राहत होते. पावसाळा सरला, बाकीची फुलं आटोपली की थंड मुलखातल्या माळावर एक जांभळं फूल उगवतं. पान नाही, काही नाही, नुसतं फूल मातीतून वर. त्याच्या खालचा कंद म्हणजे माझं माहेर. हकीम मला सुरंजान म्हणायचे. तुमच्या रानातली कळलावी आहे ना, तिच्यातही मी असतेच. म्हणून आधीच बजावते, आम्ही दिसायला कितीही छान असलो तरी आम्हाला तोंडात टाकू नका. चिमूटभर मी औषध आहे आणि मूठभर मी विष आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्यामुळे कधी कोणाचं वाईट झालंच नाही असं जी औषधं म्हणतात, ती खोटं बोलतात.

पूर्वी ज्यांच्या पायाचा अंगठा सुजून टोमॅटोसारखा व्हायचा, त्यांना वैद्य मला द्यायचे. अंगठा बरा झाला की वाहवा वैद्याची. वैद्याचा हात सैल सुटला आणि माणूस गेला की शिव्या मला. मग कित्येक वर्षं मला कोणी हात लावेना. कपाटाच्या मागच्या फळीवर, धुळीत, झाकण गंजलेल्या डब्यात पडून राहिले. नवी नवी औषधं आली, त्यांचे सोहळे झाले. माझ्याकडे कोण बघतो?

आता मी काय करते ते ऐका. तुमच्या शरीरात दोन प्रकारचे पहारेकरी असतात. एक शिकून तयार झालेले. एकदा पाहिलेला चोर ते जन्मभर लक्षात ठेवतात. दुसरे जन्मापासूनचे. ते नावगाव विचारत बसत नाहीत, परका दिसला की धावतात. काटा रुतल्यावर बोट लाल होऊन ठणकतं, ते काम त्यांचंच. ते नसते तर साध्या खरचटण्यानं माणसं मेली असती. पण काही घराण्यांत या जन्मजात पहाऱ्याचं डोकंच गरम असतं. चोर नाही, काटा नाही, तरी कुठूनसा भोंगा वाजतो आणि सगळे काठ्या घेऊन पोटात, छातीत, सांध्यांत घुसतात. ताप चढतो, पोट फळीसारखं कडक होतं. दोन-तीन दिवस धिंगाणा. मग सगळे आपापल्या जागी परत, जणू काही झालंच नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. वर्षानुवर्षं असं चाललं तर शेवटी मूत्रपिंडं बसतात.

पन्नासेक वर्षांपूर्वी काही डॉक्टरांनी मला अशा लोकांना रोज थोडी थोडी देऊन पाहिलं. आणि मित्रांनो, धिंगाणा थांबला! कसा, ते त्या डॉक्टरांनाही तेव्हा नीट सांगता येईना. आता कळलंय. त्या पहारेकरी पेशींच्या आत बारीक नळ्या असतात. त्यांच्या आधारानं त्या सरपटतात, चढतात, एकमेकींना हाका मारतात. मी त्या नळ्या भराभर जुळू देत नाही. पहारेकरी जागेवर असतात, जागे असतात, पण उठसूट काठ्या घेऊन धावत नाहीत. एवढंच माझं काम. पण ते रोज करावं लागतं. मी आगीचा बंब नाही. आग लागल्यावर मला बोलावून उपयोग नसतो.

हे एवढं साधं वाक्य माणसांच्या डोक्यात शिरत नाही, याचा मला खरा राग आहे. त्याचीच गोष्ट सांगते.

आर्मेनियातल्या ग्युमरी गावात येरान नावाची मुलगी होती. तिच्या आजोबांना हा आजार होता आणि मी त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही. ते मूत्रपिंडानं गेले. येरान सात वर्षांची असताना तिचं पोट असंच दुखलं. दवाखान्यात नेलं, अपेंडिक्स म्हणून कापलं. अपेंडिक्स चांगलं ठणठणीत निघालं! महिन्याभरानं पोट पुन्हा दुखलं. आता कापायला काय उरलं होतं? ग्युमरीत असे व्रण घेऊन फिरणारे पुष्कळ. शेवटी डॉक्टर सिरानुश भेटल्या. जाड चष्मा, मोठा आवाज. त्यांनी येरानच्या आजोबांचं सगळं विचारून घेतलं, तपासण्या केल्या आणि मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"सकाळी एक, संध्याकाळी एक," त्या म्हणाल्या. "दुखलं तरी, नाही दुखलं तरी. वाढदिवसाला, सणाला, परीक्षेला. कळलं?"

"आणि लग्नाला?" येराननं विचारलं होतं. सात वर्षांची पोर!

"लग्नाला दोन्ही वेळा. नवऱ्यासमोर."

त्यानंतरची वीस वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. येरान धावली, बर्फात घसरली, झाडावरून पडली, पण तापानं म्हणून अंथरुणाला खिळली नाही. मोठी झाल्यावर तिनं काय करावं? मिनीबस चालवायला घेतली. ग्युमरी ते आर्तिक, दिवसाला चार फेऱ्या. मी तिच्या खिशात, लहानशा काचेच्या बाटलीत. खड्ड्यातून गाडी गेली की आम्ही गोळ्या खुळखुळ वाजायचो. एवढी आनंदी नोकरी कोणत्या औषधाला मिळते, सांगा बरं?

तिच्याच गाडीत झावेन भेटला. धंद्यानं न्हावी. रोज उशिरा धावत यायचा.

"दुसऱ्यांचे केस वेळेवर कापतोस आणि स्वतःची गाडी चुकवतोस," ती आरशातून म्हणायची.

"तुझी गाडी चुकली तर पुढच्या फेरीलाही तूच असतेस. माझं काय जातंय?" तो म्हणायचा. सगळी गाडी हसायची. म्हाताऱ्या तर थांबा आला तरी उतरायच्या नाहीत.

पहिल्याच महिन्यात येराननं त्याला माझ्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पाणी आणू?" आणि विषय संपला. पोरं शहाणी होती. घोळ घातला मोठ्यांनी.

लग्न ठरलं आणि येरानच्या आईनं, सातेनिकनं, कंबर कसली. दहा दिवस आधीपासून नवऱ्याकडच्या बायकांची ये-जा सुरू होणार. कोणी ताटं घेऊन येणार, कोणी झग्याचं माप बघायला, कोणी नुसतंच घर बघायला. आल्यावर त्या कपाटं उघडतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

"ही बाटली त्यांना दिसता कामा नये," सातेनिक म्हणाली. "आधीच सून बस चालवते म्हणून त्यांच्या पोटात गोळा आलाय. त्यात आजारी आहे म्हटल्यावर?"

"आई, मी आजारी नाही. मी रोज गोळी घेते म्हणून आजारी नाही."

"वीस वर्षांत दुखलं का? नाही ना? मग बरी झालीस तू. दहा दिवसांनी काय होतंय?"

"डॉक्टरबाईंनी एक दिवसही चुकवू नको म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरबाईंना मुलीचं लग्न करायचं नाहीये. मला करायचंय. येरान जान, एवढं ऐक माझं."

आणि येरान, जी ट्रकवाल्यांना रस्त्यावर गप्प बसवते, ती आईपुढे गप्प बसली. सातेनिकनं मला डाळीच्या बरणीत, अगदी तळाशी खुपसलं. वर चार बोटं मसूर.

मित्रांनो, मी दहा दिवस त्या डाळीत होते. बाहेर हसणं ऐकू यायचं, कपबश्यांचा आवाज यायचा. नवऱ्याची आई अर्शालुईस रोज यायची. तिचा आवाज म्हणजे ढोलच. "विहीणबाई, जर्दाळूचा मुरंबा एवढा गोड कसा? साखरेचं पोतं उलटलं की काय?" असं म्हणत तीन वाट्या खायची. आणि मी डाळीतून मनातल्या मनात ओरडत होते, अगं येरान, मला बाहेर काढ. पहारेकऱ्यांना हळूहळू मोकळं वाटायला लागलंय.

लग्नाची सकाळ उजाडली. दारात सनईसारखा झुर्ना आणि ढोल वाजत होता, नवऱ्याकडची मंडळी नाचत अंगणात आली होती. पलीकडच्या परसात निखारे फुलले होते, खोरोवात्सचं मांस सळयांना लागलं होतं. आणि आत, अर्धा झगा अंगात आणि अर्धा जमिनीवर, येरान गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर पडली होती. अंग तव्यासारखं.

"अपेंडिक्स!" बाहेरून एक मावशी ओरडली. "लगेच कापायला न्या!"

"तिचं काढलंय," सातेनिक तोंडातल्या तोंडात म्हणाली. मोठ्यानं कसं म्हणणार? व्रणसुद्धा वीस वर्षं लपवलेला.

मग ती स्वयंपाकघरात धावली. बरणी टेबलावर उलटी केली. डाळ सगळीकडे उडाली. तिनं बाटली उघडली आणि मोजायला लागली. दिवसाला दोन, दहा दिवसांच्या वीस. राहिलेल्या सगळ्या एकदम दिल्या की हिशेब पुरा, असं तिचं गणित! एका तळहातावर वीस गोळ्या घेऊन ती आत आली. दुसऱ्या हातात पाणी.

"घे, पटकन गिळ. सगळ्या. दहा दिवसांचं भरून निघेल."

येरान दुखण्यानं अर्धी बेशुद्ध. तिनं तोंड उघडलं.

त्या तळहातावर मी वीस वेळा होते, मित्रांनो. आणि वीसच्या वीस जणी मिळून मी काय करणार होते, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी तिला मारणार होते. जिला सात वर्षांची असल्यापासून सांभाळलं, तिला. तिच्याच आईच्या हातानं, तिच्याच लग्नाच्या दिवशी. मला तोंड नाही, हात नाही, पाय नाही. गोळीनं नको म्हणायचं तरी कसं?

तेवढ्यात दार उघडून अर्शालुईस आत आली. तिनं पलंग पाहिला. तळहात पाहिला. आणि फाडकन सातेनिकच्या हातावर चापट मारली. मी वीस ठिकाणी उडाले. काही पलंगाखाली, काही झग्याच्या घोळात.

"वेडी झालीस का गं? मारायचीय पोरीला?"

"काय... काय झालं? औषधच आहे ते..."

"मला सांगतेस? ही मी ओळखत नाही होय?" अर्शालुईसनं जमिनीवरून मला उचललं आणि सातेनिकच्या नाकासमोर धरलं. "एकोणीस वर्षं रोज गिळतेय मी. किती दिवस बंद होती पोरीची?"

"दहा." सातेनिक पुटपुटली. "तुम्हाला... तुम्हाला पण?"

"मला पण! माझ्या बापाला पण!"

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत ते?"

"तू बोललीस?"

अर्शालुईसनं दार लावून घेतलं, पदराआडून, म्हणजे तिच्या त्या भल्यामोठ्या लग्नाच्या शालीआडून, पोटाची उजवी बाजू दाखवली. "हा बघ. मलाही फुकटच कापलंय." सातेनिकनं मग येरानचा व्रण दाखवला. दोघी विहिणी, दोघी नटलेल्या, एकमेकींच्या घरातले व्रण बघत बसल्या. आणि सातेनिकला रडता रडता हसू फुटलं.

"पण तुम्ही घेता कुठे? घरात कोणाला दिसत नाही?"

"खुराड्यात. रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला जाते ना. नवरा समजतो बायकोचं कोंबड्यांवर फार प्रेम."

पलंगावरून कण्हत कण्हत येरान म्हणाली, "सासूबाई, हसवू नका. हसलं की जास्त दुखतं."

डॉक्टर सिरानुशना फोन गेला. त्या अर्ध्या तासात हजर. म्हाताऱ्या झाल्या होत्या, आवाज तोच. पोट नीट दाबून पाहिलं, दुसरं काही नाही ना याची खात्री केली. दुखण्याचं वेगळं औषध दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. मी उद्यापासून पुन्हा नेहमीसारखी, दिवसाला दोनदाच. मग त्या सातेनिककडे वळल्या.

"चुकलेली गोळी चुकली. ती मागून भरून काढायची नसते. वीस एकदम! तुमची मुलगी आज मला जिवंत बघायला मिळाली ती यांच्यामुळे, या बाईंचे पाय धरा."

"पाय नको," अर्शालुईस म्हणाली, "मुरंबा द्या."

"बरी कधी होईल?" सातेनिकनं विचारलं.

"परवा संध्याकाळपर्यंत उठून बसेल. हा आजार तीन दिवसांचा पाहुणा आहे. तोवर नवरीला नाचायला लावलंत तर मी पुन्हा येईन."

आता बाहेर दीडशे माणसं, झुर्नावाला, ढोलवाला आणि निखाऱ्यावरचं मांस. झावेन दाराशी सगळं ऐकत उभा, पांढऱ्या शर्टात, चेहरा त्याहून पांढरा.

"आई, येरानचं मला माहीत होतं," तो म्हणाला.

"माहीत होतं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू खुराड्यात काय करतेस, ते तू मला सांगितलंस?"



निर्णय घेतला तो झावेनच्या बापानं, वार्दगेसनं. दगड घडवणारा माणूस, बोलणं कमी. सगळं ऐकून घेतलं. बायकोकडे वळला. "एकोणीस वर्षं," तो म्हणाला, "मी त्या कोंबड्यांचा हेवा केला." मग अंगणात जाऊन उभा राहिला.

"ऐका! नवरी तापलीय. लग्न परवा. मांस परवापर्यंत थांबत नाही, म्हणून जेवण आज. उद्या उरलेलं जेवण. परवा लग्नाचं जेवण. ज्याला घाई असेल त्यानं जावं."

ग्युमरीत अशा वेळी कोण जातं? एकही हललं नाही. तीन दिवस ते अंगण चुलीवरच्या भांड्यासारखं उकळत होतं. गल्लीतल्या बायकांनी लवाशच्या रोट्यांवर रोट्या लाटल्या. झुर्नावाला दुपारी खिडकीखाली हळू वाजवायचा, येरानला आवडतं म्हणून. झावेननं वेळ जात नाही म्हणून अंगणातल्या सगळ्या पुरुषांची दाढी करून टाकली. तिसऱ्या दिवशी फोटो काढताना सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे गुळगुळीत दिसत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. जसा आला तसा गेला. येरान उठली, तोंड धुतलं, आरशात बघून म्हणाली, "तीन दिवसांत झगा सैल झाला. बरंच झालं, आता जेवता येईल." चर्चमध्ये लग्न लागलं. सासरच्या उंबऱ्यावर अर्शालुईसनं नवरानवरीच्या खांद्यांवर लवाश ठेवलं आणि मधाचा चमचा तोंडात घातला. ढोल असा वाजला की खुराड्यातल्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत.

मग जेवण. पेले उंचावून भाषणं करायला तामादा म्हणून एक म्हातारा मामा उभा होता. आईबापांसाठी झालं, पूर्वजांसाठी झालं, मुलाबाळांसाठी झालं. तेवढ्यात संध्याकाळचे सात वाजले. येराननं घड्याळ पाहिलं. बाटली खिशातून काढली, झग्याला तिनं मुद्दाम खिसा शिवून घेतला होता, आणि मला पांढऱ्या टेबलावर, ताटाशेजारी ठेवलं. दीडशे माणसांसमोर.

सातेनिकनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिचाच हात होता तो, चापट खाल्लेला.

"थांब," तामादा म्हणाला. "एकटीनं कोणी प्यायचं नाही, असा या टेबलाचा नियम आहे. आहे का कोणी साथीला?"

अर्शालुईस उठली. शालीच्या गाठीतून तिनं मला सोडवलं आणि पेला उचलला. मग पलीकडच्या टेबलावरचा एक दांडगा खाटीक उभा राहिला, पाकिटातून मला काढलं. त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग एक शाळामास्तर. मग आर्तिकहून आलेली एक पोरगी, सोळा-सतरा वर्षांची, कानापर्यंत लाल झालेली. पाच जण. पाच पेले पाणी. तामादानं आपला पेला वर केला, आणि सगळ्यांनी केला.

हजारो वर्षांच्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी पेला उचलला नव्हता. मी कडू आहे, मला रडता येत नाही. पण त्या संध्याकाळी पाच घशांतून उतरताना मी जरा कमी कडू लागले असेन.

म्हणून मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कोणी ना कोणी रोज एखादी गोळी घेत असेल. आजी असेल, बाबा असतील, वर्गातला मित्र असेल. त्याला लपायला लावू नका. गोळी किती घ्यायची ते स्वतःच्या मनानं ठरवू नका, ते डॉक्टरांवर सोडा. "अजून किती दिवस घेणार?" असं कधी विचारू नका, तो प्रश्न ऐकून ऐकून माणसं आम्हाला डाळीत पुरतात. त्यापेक्षा पाण्याचा पेला भरा, त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "आजची घेतलीत का?"